दोघांना दिसली तरच टेकडी

मंगळवार, ४ मार्च

टेकडी आहे! आहे म्हणजे आहे!

दुपारी चित्रं बघायच्या पेटीत डोकं घातलं ते बाहेर काढवेना. चार वर्षं ज्या मैदानाकडे आम्ही ढुंकून पाहिलं नाही, त्याच्या मधोमध — उशी. रुंद, बुटकी, कडेने हळूच उतरत गेलेली. आतून काहीतरी वर आलं, पसरलं आणि गोठलं, अशी. आमचं यान ज्याची चित्रं धाडतं त्या लांबच्या चंद्रावर बर्फ म्हणजे आपल्याकडचा दगड, आणि लाव्हा म्हणजे गार पाण्याचा रेंदा. असा बर्फाचा ज्वालामुखी शोधायला आम्हाला नेमलंय. आजवर खात्रीने एकही सापडलेला नाही. आणि आज ही!

नवऱ्याला फोन केला. तो डेपोत बस धुवून घेत होता. म्हणाला, “वा! कुठेय?” म्हटलं, “इथून शंभर कोटी किलोमीटरच्या पलीकडे.” “मग सावकाश ये घरी.”

कामातल्या जोडीदाराला, शंकासुराला, अजून दाखवलेली नाही. उद्या दाखवते. बघू काय म्हणतो.

बुधवार, ५ मार्च

“नाही,” म्हणाला.

दुसरं काय म्हणणार! उगाच नाही अख्खी इमारत त्याला शंकासुर म्हणत. तोही आता त्या हाकेला ओ देतो. स्वभावाने गरीब माणूस. पेटीपाशी बसताना स्वतःची गादी आणतो, चष्मा तीनदा पुसतो, अर्धा तास बघतो आणि मान वर करून अगदी हळू, समोरच्याला लागू नये अशा आवाजात म्हणतो, “मला नाही दिसत गं.” माझ्या आधीची त्याची जोडीदारीण हे ऐकून ऐकून कंटाळली आणि नोकरी सोडून शाळेत शिकवायला गेली.

आणि त्याचं ‘नाही’ डावलता येत नाही. मोठ्या बाईंचा नियम. आमच्या विभागात जोड्या आहेत, प्रत्येक जोडीला चंद्राचा एकेक तुकडा. दोघांना वेगवेगळं बसून दिसली तरच टेकडी. एकालाच दिसली तर नाही. ढगांच्या आडून रडारने काढलेली चित्रं ती — मीठ-मिरी सांडल्यासारखी. कंप्युटरला उंची विचारली तर तो प्रत्येक ठिपक्यावर डोंगर उभा करतो. म्हणून बाईंनी जुनीच पद्धत धरून ठेवलीय. एकाच जागेची दोन बाजूंनी घेतलेली दोन चित्रं छापायची, पेटीत शेजारी-शेजारी लावायची. डाव्या भिंगातून डावा डोळा डावं बघतो, उजव्यातून उजवा उजवं. दोन्ही एकमेकांवर बसली की उंच जागा कागदातून वर उठते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळले होते.

त्याला म्हटलं, “पुन्हा बघा ना.” पुन्हा बघितलं. “नाही गं.”

माझा राग राग झाला. पण राग कुणावर काढायचा? खोटं तर तो बोलत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आणखी एक! पहिलीच्या वरच्या अंगाला. हिची पण कड तशीच.

सोमवार, १० मार्च

मोठ्या बाईंनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

यानाकडे आता एका खालच्या फेरीपुरतं इंधन उरलंय. एकदाच, अगदी जवळून, एकाच पट्ट्यावरून जाईल. त्यानंतर त्याला ढगांत सोडून देणार. पुन्हा कुणी तिथे जाईल तेव्हा मी पेन्शनीत असेन किंवा फोटोत. तो पट्टा कुठला, हे ३१ तारखेच्या बैठकीत ठरणार. शेजारच्या गटाने त्यांचा डोंगर पुढे केलाय. तोच तो, टोकाशी खळगा असलेला, ज्याच्यावर दहा वर्षं नुसतं भांडण चाललंय. आणि आमच्याकडून?

बाई म्हणाल्या, “तुझी उशी मांडू का?”

“शंकासुर नाही म्हणतायत.”

“ठाऊक आहे. एकीच्या शब्दावर मांडायची तर मी माझ्या जबाबदारीवर मांडीन. तेवढं वजन आहे माझं. पण तू ठाम हवीस. शेवटची नजर आहे ती. सपाट मैदानावर वाया गेली तर मला नाही, तुलाच झोप लागणार नाही.”

म्हटलं, “तुम्हीच एकदा बघा ना.”

“मी बघत नसते. मी बघितलं की तुम्ही सगळे पेटीऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागता.”

ठाम! मी ठामच होते. दार उघडून बाहेर पडेपर्यंत.

बुधवार, १२ मार्च

आता पाच आहेत. पाच!

हरखून जायला हवं. पण आनंद कमी आणि धास्ती जास्त, असं झालंय. जिथे नीट रोखून बघावं तिथे उशी. काल जे सपाट म्हणून बाजूला ठेवलं होतं तेही आज फुगलंय. एवढे ज्वालामुखी असते तर याआधी कुणालाच कसे दिसले नाहीत?

जेवताना सासूबाईंनी विचारलं, “सापडला का गं तुझा तो गार ज्वालामुखी?” म्हटलं, पाच सापडले. “अगं बाई! इतकी वर्षं एक नाही आणि आता पाच? कुणीतरी पेरले असतील.” नवरा हसत सुटला. मलाही हसू आलं.

सासूबाईंचं नाक आज एका बाजूने सुजल्यासारखं वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, “माझं नाक जन्मापासून असंच आहे. तुझं लक्ष आज गेलं.”

शुक्रवार, १४ मार्च

शंकासुराने पाचही पाहिल्या. दिवसभर बसला बिचारा, डब्याला पण उठला नाही. पाचही नाही.

माझा तोल गेला. म्हटलं, “तुम्हाला दिसतं तरी काय त्या पेटीत?”

त्याने विचार करून उत्तर दिलं. “कागद दिसतो. स्वच्छ, सपाट.”

“एकसुद्धा जागा वर आलेली नाही?”

“डोंगर असतो तेव्हा कळतो ना मला. एक बाजू उजळ असते, एक काळी. इथे तसलं काहीच नाही.”

“अहो, बुटक्या उशीला कुठून येणार काळी बाजू!”

“मग मला नाही दिसत गं.”

मी खुर्ची ढकलून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. नंतर लाज वाटली. परत आले तर माझ्या टेबलावर कपभर चहा झाकून ठेवलेला. हा माणूस धड भांडूही देत नाही!

सोमवार, १७ मार्च

काहीच सुचत नाही. मला पाच दिसतात, त्याला शून्य. दोघांपैकी एक चुकतंय. का दोघंही?

मंगळवार, १८ मार्च

डोकं भणाणलंय. नीट लिहून काढते म्हणजे मलाच कळेल.

काल रात्री झोपताना मनात आलं, चित्रांची अदलाबदल करून बघावी. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. असं केलं की सगळं उलटतं. खरी टेकडी असेल तर तिचा खड्डा दिसतो, खड्ड्याची टेकडी. शिकाऊ मुलं गंमत म्हणून करतात. मी चार वर्षांत कधी केलं नव्हतं, गरजच पडली नव्हती.

आज केलं. दुसरी उशी — अदलाबदल केली, तरी उशीच. तिसरी, उशीच. चौथी, पाचवी... अदलाबदल करूनही मख्खासारख्या वर आलेल्या! असं होऊच शकत नाही. आरशात बघून उजवा हात हलवावा आणि आरशातल्या बाईने हात खिशात घालावा, तसं काहीतरी.

आणि पहिली? पहिली ना खड्डा झाली ना उशी राहिली. सपाट! नुसती सपाट. दोनदा लावून बघितली.

म्हणजे चित्रांत दोष? छपाईत? पेटीच्या भिंगात? भिंग असेल. भिंगच असू दे.

बुधवार, १९ मार्च

भिंग नाही. शेजारच्या जोडीची पेटी मागून घेतली. तेच.

शनिवार, २२ मार्च

सुट्टी. उशिरापर्यंत लोळत होते. एका कुशीवर, डावा डोळा उशीत रुतलेला (खऱ्या उशीत!), उजव्याने खिडकीकडे बघत होते. मधला गज वाकलेला दिसला. पोट आल्यासारखा, मध्येच बाहेर.

नवऱ्याला हाक मारली. “अरे, गज वाकलाय बघ. कुणी हात घातला का रात्री?”

हा दात घासत आला, गजावरून हात फिरवला. “सरळ आहे.”

“अरे, हा मधला!”

“मधलाच बघतोय. सरळ आहे.”

मी उठून बसले. गज सरळ झाला. आडवी झाले. वाकला! मी दोनदा उठले, दोनदा झोपले. हा तोंडात फेस तसाच धरून माझ्याकडे बघत उभा. मग चूळ भरून आला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. बसवाल्यांची दरवर्षी तपासणी असते, एकेक डोळा झाकून. तेवढं त्याला सवयीचं.

“आता?”

“वाकलाय.”

उजव्यावर ठेवला. “आता?”

सरळ. खिडकीची चौकट सरळ, कपाट सरळ, त्याचं नाक सरळ.

तो म्हणाला, “घराला काही झालेलं नाही. सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मी सुट्टी टाकतो.”

मी रडले. डोळ्यासाठी रडले की उशीसाठी, ते कळलं नाही. तो म्हणाला, “आधी डोळा. चंद्र कुठे पळून जात नाही.” यान जातंय ना पण!

सोमवार, २४ मार्च

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भरभर बोलतात. हनुवटी टेकवायला लावली, हिरवा उजेड पाडला, मग कंप्युटरवर माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद दाखवला.

उशी!

हुबेहूब. खाली सरळ थर, त्याच्यावर मधोमध फुगवटा, आत पाणी. “पडद्याच्या खाली पाणी झिरपून साचलंय,” म्हणाल्या, “त्यामुळे पडदा वर उचललाय. म्हणून रेषा वाकड्या दिसतात.” खालून द्रव यावा, वरचं कवच उचललं जावं... हे चित्र मी चार वर्षांत किती वेळा फळ्यावर काढलंय! मला हसूच फुटलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी घाबरले. त्यांनी पाणी दिलं.

“काळजीचं नाही तसं. ताणाने होतं बऱ्याचदा. झोप घ्या, दगदग कमी करा. काही महिन्यांत आपोआप बसतं बहुतेक. काम काय करता?”

सांगितलं.

“दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघून उंची मोजता? मग ते तूर्त बंद. एका डोळ्याचा पडदा असा असताना तुम्हाला जिथे बघाल तिथे उंचवटा दिसणार.”

जिथे बघाल तिथे. म्हणूनच अदलाबदल केली तरी उशा उशाच राहिल्या. चित्र उलटलं, डोळा थोडाच उलटला!

मंगळवार, २५ मार्च

कुणाला सांगितलेलं नाही. आजचा दिवस पोटात ठेवलंय.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. पहिली. बाकीच्या चारही उशा अदलाबदलीनंतर उशाच राहिल्या, मग पहिलीच तेवढी सपाट का झाली? ती नुसती डोळ्यातली असती तर तीही उशीच राहायला हवी होती. खरी असेल तर उलटल्यावर तिचा खड्डा होणार, आणि माझा डोळा त्यात फुगवटा भरणार. खड्डा अधिक फुगवटा... सपाट?

बरोबर आहे की नाही हे? का बुडत्या मनाची समजूत? आज सकाळी बरोबर वाटलं. दुपारी वाटलं, हट्टाला पेटलेली बाई कुठलाही हिशेब जुळवून दाखवते. आता काहीच वाटत नाही. ज्या डोळ्याने मी हे पाहिलं त्याच्यावर विश्वास नाही, आणि ज्या मनाने मी हा विचार करतेय ते त्या टेकडीच्या प्रेमात आहे. डावा डोळा एकटा बघू शकत नाही, एका डोळ्याला उंची कळत नाही. कुणाला विचारू?

गप्प बसले तर बाई मांडतील. त्यांना फक्त माझा एक शब्द हवाय.

गुरुवार, २७ मार्च

सांगून टाकलं. बाईंच्या खोलीत, शंकासुराच्या देखत. छेदाचं चित्र टेबलावर ठेवलं.

बाई बराच वेळ त्या चित्राकडे बघत होत्या. चित्र ओळखीचं वाटलं असणार त्यांनाही. मग म्हणाल्या, “ठाम आहेस?”

पहिलीचं सांगितलं. उलटल्यावर सपाट, ते. बोलताना माझं मलाच पोकळ वाटत होतं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुझा डोळा आज साक्षीला उभा राहू शकत नाही. उरला हा.” आणि शंकासुराकडे वळल्या. “तू त्या पहिल्या जागेवर काही पाहिलंस? थोडंसंसुद्धा?”

तो एकदम लहान झाल्यासारखा दिसला. त्याला ‘हो’ म्हणायचं होतं, माझ्यासाठी. मला दिसत होतं ते.

“नाही,” म्हणाला. “सपाट आहे.”

“एकाचा डोळा नीट आहे आणि त्याला सपाट दिसतंय. एकीचा बिघडलाय आणि तिला उशी दिसतेय,” बाई म्हणाल्या. “मी काय मांडू सांग.”

मी म्हटलं, “नका मांडू.”

बाहेर आल्यावर शंकासुर म्हणाला, “मला फार वाईट वाटतंय गं.” म्हटलं, “तुम्ही खरं तेच सांगितलंत.” आम्ही दोघं यंत्रातला बेचव चहा प्यायलो. मी रागावले नव्हते. रागाला जागाच उरली नव्हती.

सोमवार, ३१ मार्च

शेजाऱ्यांचा डोंगर ठरला. पुढच्या सोमवारी यानाला तसा आदेश जाणार. मला बैठकीला बसायचं होतं, पण तिथे बसवेना. दुपारीच घरी आले. सासूबाईंनी समोर बसवलं. डोक्यावर तेल थापलं आणि म्हणाल्या, “डोळे मीट.” मिटले.

बुधवार, २ एप्रिल

मोठ्या बाईंनी फतवा काढलाय. विभागातल्या सगळ्यांनी, त्यांच्यासकट, डोळे तपासून यायचं. “एकीचा बिघडला आणि तो गजाने सांगितला. हे आपण आधी कळून घ्यायला हवं होतं,” म्हणाल्या. नोकरीला लागताना नुसता अक्षरांचा तक्ता वाचून घेतात, तोही लांबून. तेवढं तर सासूबाईही वाचतील.

मला पेटीबंदी आहे. जुनी चित्रं कपाटात नीट लावून ठेवण्याचं काम दिलंय. शंकासुराने नाकारलेल्या जागांचा गठ्ठा माझ्या कमरेएवढा आहे. त्याच्या ‘नाही’ची मला पूर्वी चीड यायची. आता वाटतं, त्याच्यामुळे निदान आम्ही तोंडावर पडलो नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

शंकासुर तपासणीहून आला तो थेट माझ्या टेबलाशी. गादी काखेत तशीच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एक कार्ड दिलं होतं, मोठ्या माशीचं चित्र. वर रंगीत चष्मा. म्हणाल्या, “पंख चिमटीत धरा.” त्याने कागदावर चिमूट ठेवली. सगळे हवेत धरतात म्हणे. पंख वर उठलेले दिसतात ना! याने कागदच धरला. तीनदा.

“लहानपणापासून आहे म्हणाल्या. दोन्ही डोळे चांगले आहेत गं, पण एकत्र बघतच नाहीत. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. काळी-उजळ बाजू बघूनच तुम्ही डोंगर म्हणता, असं वाटायचं मला. अकरा वर्षं...”

मी त्याचा हात धरला. गठ्ठ्याकडे दोघांचंही एकदमच लक्ष गेलं.

मोठ्या बाई यानाच्या कक्षाला फोन लावतायत, थोडं थांबता येईल का विचारायला. आदेश येत्या सोमवारी सकाळी. त्या पहिल्या उशीकडे दोन धड डोळ्यांनी आजवर कुणी पाहिलेलंच नाही.